घरभाड्याचे व्हाउचर घेऊन दुसऱ्या राज्यात जावे का?

एडिसनकर

न्यू जर्सीतल्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी मी लोकांचे सरकारी अर्ज भरून देतो. गेल्या महिन्यात एक मराठी ताई निळी प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. फाइलीत सगळ्यात वर, वेगळ्या पारदर्शक पाकिटात, घरभाड्याच्या व्हाउचरचा कागद होता आणि त्याखाली भाडेकरार, पगाराच्या पावत्या, तिन्ही मुलांचे दाखले अशी चळत क्रमाने लावलेली होती. घटस्फोटानंतर त्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करतात. ग्रीन कार्ड असल्यामुळे त्या या योजनेला पात्र ठरल्या आणि सहा वर्षे यादीत थांबल्यावर त्यांना व्हाउचर मिळाले. त्यांचे भाऊ-वहिनी टेक्ससमध्ये प्लेनोला राहतात. "दादा, हे व्हाउचर घेऊन भावाच्या गावी जाता येतं का, की राज्य सोडलं की संपलं?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याआधी त्यांनी ज्या तिघांना विचारले, त्या तिघांनीही 'आहात तिथेच राहा' असे सांगितले होते. हा सल्ला चुकीचा आहे असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना ही योजना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'सेक्शन एट' म्हणून ओळखली जाणारी ही भाडेमदत १९७४ च्या कायद्याने सुरू झाली आणि आज सुमारे २३ लाख कुटुंबे तिच्या व्हाउचरवर राहतात. कुटुंबाने साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भरायची आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे उरलेले भाडे स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीने, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, थेट घरमालकाला द्यायचे, अशी तिची रचना आहे. मदत घराला चिकटलेली नसून कुटुंबाच्या हातात असते. म्हणूनच देशात जेथे जेथे ही योजना चालवणारी ऑथॉरिटी आहे, तेथे व्हाउचर नेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि त्यालाच 'पोर्ट करणे' म्हणतात. अर्ज करताना तुम्ही त्या ऑथॉरिटीच्या हद्दीत राहत नसाल, तर पहिले १२ महिने ती तुम्हाला तेथेच थांबवू शकते. ताईंना ही अट लागू नाही.

त्यांना जायचे आहे ते हौसेने नव्हे. रात्री दहाला त्या कामावर निघतात तेव्हा सात वर्षांची धाकटी आणि अकरा वर्षांचा मधला पंधरा वर्षांच्या थोरलीवर सोपवलेले असतात. प्लेनोला वहिनी घरी असते. शिवाय मुलांचे भवितव्य राहत्या वस्तीवर किती अवलंबून असते, हे आता अंदाजाने सांगण्याची गोष्ट राहिलेली नाही. १९९४ पासून बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांवर 'मूव्हिंग टु ऑपॉर्च्युनिटी' हा, काही कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी व्हाउचर देण्याचा प्रयोग झाला. राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी पुढे त्यातल्या मुलांची कमाई तपासली, तेव्हा वयाच्या तेरा वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई मागे राहिलेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त आढळली. हे माहीत असताना एखाद्या आईला 'हलू नकोस' म्हणायला मला जीभ रेटत नाही.

पूर्व_केसवर्कर

एडिसनकर, तुमच्या कामाबद्दल आदर ठेवूनच लिहिते की त्या तिघांचा सल्ला मला पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. मी एका हाउसिंग ऑथॉरिटीत नऊ वर्षे फाइली सांभाळल्या. पोर्टचा हक्क कायद्यात आहे हे खरे, पण तो घड्याळाला बांधलेला आहे.

ताईंची ऑथॉरिटी त्यांची कागदपत्रे तिकडच्या ऑथॉरिटीला पाठवील. तिकडची ऑथॉरिटी स्वतःच्या नियमांनी पुन्हा तपासणी करू शकते, कुटुंबाला किती खोल्यांचे घर लागते हे स्वतः ठरवते आणि स्वतःचे व्हाउचर देते. मूळ व्हाउचरची मुदत किमान ६० दिवसांची असते आणि तिकडच्या व्हाउचरला त्यापुढे किमान ३० दिवस मिळतात. ऐकायला हे पुष्कळ वाटते. प्रत्यक्षात फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाण्यातच त्यातले कितीतरी दिवस जातात, आणि मग हजारो मैलांवरून घर शोधायचे, घरमालकाला राजी करायचे, ऑथॉरिटीकडून भाडे मान्य करून घ्यायचे आणि घर तपासणीत उत्तीर्ण व्हायची वाट पाहायची. मुदतवाढ मिळेलच असे नाही. ट्रकचे भाडे आणि नव्या घराचे डिपॉझिट व्हाउचरमध्ये येत नाही, ते वेगळे उभे करावे लागते.

माझ्यासमोर एक आई होती. तिने जुन्या घराची नोटीस आधी दिली आणि दुसऱ्या राज्यात मोटेलमध्ये राहून घर शोधले. मुदत संपली त्या दिवशी ती मला फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "मी आज सकाळीच एक घर पाहिलं आहे." आमच्या कार्यालयाने मुदतवाढ दिली नाही. तो नकार कळवणारे पत्र मी टाइप केले होते. पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्र सरकारची भाडेमदत मिळते. त्यामुळे हातचे व्हाउचर गेले की पुन्हा यादीच्या शेवटी उभे राहावे लागते.

आणि आता टेक्सस. न्यू जर्सीत केवळ व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणे बेकायदा आहे. केंद्राच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात मात्र असे संरक्षण नाही, आणि टेक्ससने २०१५ साली शहरांनाही तसा नियम करण्यापासून रोखले. त्यात माजी सैनिकांपुरता अपवाद आहे. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१८ च्या अभ्यासात घरमालकांना फोन करून विचारले, तेव्हा व्हाउचर नाकारण्याचे प्रमाण न्यू जर्सीतल्या नेवार्कला ३१ टक्के आणि टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला ७८ टक्के निघाले. तुमच्या ताई या दोन आकड्यांमधला प्रवास करणार आहेत.

कोथरूड_ते_केरी

एवढी यातायात कशाला? भाऊ तिथेच आहे, तर त्याचेच घर व्हाउचरवर भाड्याने घ्यावे. घरमालक शोधण्याचा प्रश्नच मिटेल.

पूर्व_केसवर्कर

तसे करता येत नाही. आईवडील, मुले, आजी-आजोबा, नातवंडे आणि भावंडे यांच्या मालकीचे घर व्हाउचरवर घेण्यास मनाई आहे. घरातल्या कोणाला अपंगत्व असेल आणि त्यासाठी ते घर आवश्यक ठरत असेल, तरच ऑथॉरिटी परवानगी देऊ शकते. ही अट माहीत नसल्यामुळे अर्ध्या वाटेत अडकलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून तुम्ही हा प्रश्न विचारलात हे बरे झाले.

शिक्षिका_बॉस्टन

मला ३१ टक्क्यांच्या आकड्याबद्दल लिहायचे आहे, कारण तो अर्धाच सांगितला गेला आहे. त्याच अभ्यासात तेरा ते अठरा या वयात घर बदललेल्या मुलांना फायदा झालेला दिसत नाही; उलट त्यांच्या बाबतीत परिणाम किंचित तोट्याकडे झुकलेला आहे. ताईंची थोरली पंधरा वर्षांची आहे. गेली तीन वर्षे जिने धाकट्यांना रात्री जेवायला वाढून झोपवले असेल, तिचीच शाळा, शिक्षक आणि मैत्रिणी आपण ऐन दहावी-अकरावीत काढून घेणार आहोत. मी या वयाच्या मुलांना शिकवते. वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या राज्यातून आलेली मुले डबा खायला कोणाबरोबर बसायचे हे ठरवण्यात कितीतरी आठवडे घालवतात, आणि राज्यागणिक अभ्यासक्रम वेगळा असल्यामुळे आधी पूर्ण केलेले विषय कधीकधी पुन्हा घ्यावे लागतात.

दुसरे असे की, तो प्रयोग त्याच महानगराच्या परिसरातल्या स्थलांतराचा होता. ती कुटुंबे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली, त्यांची नोकरी आणि गोतावळा बसच्या अंतरावर राहिला. न्यू जर्सी ते टेक्सस ही वेगळीच गोष्ट आहे, आणि एकीचा निष्कर्ष दुसरीला लावणे मला पटत नाही.

एडिसनकर

थोरलीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो.

अंतराच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. चेट्टी आणि हेंड्रेन यांनी पन्नास लाखांहून अधिक कुटुंबांच्या कर-नोंदी घेऊन देशभर एका भागातून दुसऱ्या भागात झालेली स्थलांतरेही तपासली आहेत. मूल चांगल्या भागात जितकी अधिक वर्षे वाढते, तितका त्याला अधिक फायदा होतो, हा कल तेथेही दिसतो. शिवाय या ताईंचा गोतावळा न्यू जर्सीत नाहीच, तो प्लेनोत आहे.

पूर्व_केसवर्कर

त्या पन्नास लाखांतली बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या पैशाने आणि स्वतःला सोयीच्या वेळी गेली असणार. त्यांच्या डोक्यावर ६० दिवसांची मुदत नव्हती. माझा विरोध जाण्याला नसून, 'हक्क आहे, मग जा' असे सांगून त्यांना मुदतीच्या तोंडी देण्याला आहे.

प्लेनोकर

माझी याच भागात भाड्याने दिलेली दोन घरे आहेत, म्हणून घरमालकाची बाजू मांडतो. सुरुवातीला मीही व्हाउचरला नकारच देत असे. पहिल्यांदा होकार दिला तेव्हा तपासणीसाने चुलीचे चारही बर्नर पेटवून पाहिले, प्रत्येक खिडकीची कडी लावून-काढून पाहिली, धुराचे अलार्म दाबून वाजवले आणि मागच्या खोलीतल्या एका खिडकीची कडी बसत नाही म्हणून घर नापास केले. कडी मी त्याच दिवशी बदलली, परंतु पुन्हा तपासणीस येईपर्यंत दोन आठवडे गेले आणि तेवढे दिवस घर रिकामे राहिले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. येथील बहुतेक लहान घरमालकांच्या नकाराचे कारण हेच असते, आणि त्यांना सरसकट मनाने वाईट ठरवू नये असे मला वाटते. भाडेकरूविषयीचे पूर्वग्रहही असतात, तेही मी नाकारत नाही. आपल्या मराठी मंडळींत सुद्धा 'सरकारी मदतीवरचे लोक' असे म्हणताना स्वर बदलतो, हे मी जेवणाच्या पंगतीत ऐकले आहे आणि त्याचा मला त्रास होतो.

मात्र एकदा करार झाल्यावर ऑथॉरिटीचा हिस्सा चार वर्षे एकदाही चुकला नाही. त्या कुटुंबाने घर नीट ठेवले. आता माझी दोन्ही घरे व्हाउचरवर आहेत.

ताईंना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. डॅलस परिसरात २०११ पासून भाड्याची मर्यादा संपूर्ण महानगराची एकच न धरता प्रत्येक झिप कोडची (म्हणजे पिन कोडच्या भागाची) वेगळी धरली जाऊ लागली. त्यामुळे चांगल्या शाळांच्या महागड्या भागातही व्हाउचर पुरू शकते, जे पूर्वी कठीण होते. त्यांनी शहर न विचारता झिप कोड विचारावा. भाडे मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम कुटुंबावर पडते, आणि नव्या घरात जाताना कुटुंबाचा एकूण वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

अनामिका_ऑस्टिन

मी स्वतः व्हाउचर घेऊन ओहायोहून टेक्ससला आलेली आहे, म्हणून दोन ओळी. घर मिळाले, बहिणीचा आधार मिळाला, आणि आल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण आरोग्याचा विमा गेला. मुलांना नव्याने अर्ज करून मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मिळाले. मला मिळाले नाही, कारण टेक्ससने प्रौढांसाठी मेडिकेडचा विस्तार केलेला नाही आणि माझा तुटपुंजा पगारही आईवडिलांसाठीच्या मर्यादेच्या वर निघाला. मला दम्याचा पंप महिन्याला लागतो. पहिल्या हिवाळ्यात मी एक पंप दोन महिने पुरवला आणि जिना चढताना मध्ये बसत असे. व्हाउचर राज्याच्या हद्दीवर थांबत नाही, पण विमा आणि फूड स्टॅम्प (अन्नधान्यासाठीची सरकारी मदत) थांबतात. त्या ताईंना औषधे चालू आहेत का, हे कृपया आधी विचारा.

एडिसनकर

विचारले. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

या शनिवारी वरचे सगळे प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी जावे, हे माझे मत कायम आहे, आणि 'हलू नका' असे सरसकट सांगणाऱ्यांशी मी यापुढेही वाद घालीन. पण कोणत्या क्रमाने जावे, याबद्दल मी चुकत होतो. माझ्या सांगण्यावरून त्यांनी घर सोडण्याची नोटीस लिहून तयार ठेवली होती आणि सोमवारी ती घरमालकाला देणार होत्या. केसवर्करताई, तुम्ही मोटेलमधल्या त्या आईबद्दल लिहिले नसते, तर ती नोटीस गेली असती.

आता असे ठरले आहे की, शाळेचे वर्ष संपेपर्यंत हलायचे नाही. तोपर्यंत प्लेनोच्या बाजूच्या ऑथॉरिटीला तीन गोष्टी लेखी विचारायच्या: आमचे व्हाउचर तुम्ही स्वतःच्या खात्यावर घेणार की न्यू जर्सीला बिल पाठवणार, कागदपत्रे मिळाल्यापासून किती दिवसांत व्हाउचर देता, आणि तीन मुलांसह किती खोल्या मंजूर कराल. यातला पहिला प्रश्न केसवर्करताईंनी मला खाजगीत सुचवला. तिकडचा खर्च जास्त निघाला आणि बिल इकडेच येणार असेल, तर निधी अपुरा असल्याचे कारण दाखवून इकडची ऑथॉरिटी परवानगी नाकारू शकते. विम्यासाठीच्या उत्पन्न-मर्यादेचे गणित मी त्यांच्याबरोबर बसून मांडणार आहे. प्लेनोकर, तुमचा परिचय करून दिला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

थोरली त्या दिवशी बरोबर आली होती. तिला विचारल्यावर ती आईकडे न पाहता म्हणाली की मामाकडे गेलो तर तिला रात्री झोपता येईल. नोटिशीवर तारीख घातलेली नाही. ताईंनी ती घडी करून निळ्या फाइलीत सगळ्यात खाली ठेवली आहे.