'रेटिंग'ला मराठीत काय म्हणायचं? (संदर्भ: फेब्रुवारी १९४६, मुंबई)

शब्दखूण
ब्रिटिशांच्या अमलाखालच्या हिंदी नौदलातल्या १९४६ च्या नाविक प्रकरणावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. १८ फेब्रुवारीला 'तलवार'वरच्या रेटिंग्जनी जेवण आणि काम दोन्ही नाकारलं. ('तलवार' हे जहाज नव्हे, कुलाब्याची सिग्नल शाळा. नौदलात किनाऱ्यावरच्या ठाण्यांनाही जहाजासारखीच नावं असतात.) अधिकारी सोडून बाकी सगळे ते रेटिंग. 'नौसैनिक' लिहिलं तर अधिकारीही त्यात येतात. संपादक 'खलाशी' सुचवतात, ते मला पटत नाही. नेमका शब्द कोणता?

टंडेल
'खलाशी' अजिबात नको. खलाशी व्यापारी जहाजावरचा. तिथली उतरंड सारंग, टंडेल, खलाशी अशी. नौदलात ऑर्डिनरी सीमन, एबल सीमन, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर असे वर चढत जातात, आणि नावात 'ऑफिसर' असूनही पेटी ऑफिसर रेटिंगच असतो. शिवाय सगळेच काही डेकवर दोर ओढत नव्हते. 'तलवार'वर बिनतारी संदेश शिकणारे होते. जहाजांवर बॉयलरवरचे स्टोकर, आचारी, कारकून होते. तेही रेटिंगच. युद्धाआधीच्या नौदलात रत्नागिरीकडच्या मुसलमान दर्यावर्दी घराण्यांतली भरती मोठी होती, तेव्हा 'खलाशी' एक वेळ चाललं असतं. युद्धात संख्या दहापटीहून जास्त वाढली, देशभरातून शिकलेली मुलं आली. सरळ 'नाविक' लिहा. तटरक्षक दलात आजही ते पदाचं नाव आहे.

रानवाट
'नाविक' म्हणजे कोलंबसही. त्या शब्दात हुद्दा नाही, आणि १९४६ चं सगळं भांडण हुद्द्याचं होतं: अन्न, पगार, वागणूक, युद्ध संपूनही घरी सोडायला होणारा उशीर. 'रेटिंग' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात फोड करा. मराठीने 'सुभेदार' आणि 'कॅप्टन' पचवलेत, हाही पचेल.

कोशवेडा
'रेटिंग'चं काहीही करा, पण तुम्ही 'नाविक प्रकरण' असं गुळमुळीत का लिहिलंत? उठाव, बंड की संप, ते आधी ठरवा. पुढची सगळी क्रियापदं त्यावर ठरतात. बंड पुकारतात आणि मोडतात. उठाव होतो आणि दडपला जातो. संप पुकारतात आणि मागे घेतात.

टंडेल
कायद्याने ते बंडच. १९५७ च्या नौदल अधिनियमातसुद्धा व्याख्या तीच: दोन किंवा अधिक माणसांनी एकत्र येऊन कायदेशीर अधिकाराला विरोध करणं, किंवा शिस्त ढासळेल अशा रीतीने आज्ञा मोडणं. एकट्याने हुकूम मोडला तर ती अवज्ञा, दोघांनी ठरवून मोडला की बंड. त्यासाठी गोळी सुटावी लागत नाही. न्याहरी नाकारली तेवढं पुरे.

मुळाक्षर
पण त्यांनी स्वतः काय म्हटलं? १९ तारखेला समिती नेमली तिचं नाव 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी', अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. स्ट्राइक! त्यांनी निवडलेला शब्द बदलायचा अधिकार अनुवादकाला नाही. आणि टंडेल, तुम्ही दिलेली व्याख्या 'संपा'च्याच बाजूची आहे. गुजरातीत 'संप' म्हणजे एकी, सलोखा. 'संपीने राहणे' म्हणजे मिळून राहणे. मराठीत तो शब्द कामगारांच्या एकजुटीला लागला आणि तिथून काम बंद ठेवण्याला. दोघांनी एकत्र येणं हा कायद्याच्या लेखी गुन्ह्याचा गाभा आणि आपल्या शब्दाचाही गाभा.

कोशवेडा
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण वापर तिच्यावर चालत नाही. आजच्या वाचकाला 'संप' म्हटलं की पगारवाढ दिसते. २१ तारखेला मुंबईतल्या कॅसल बॅरॅक्स या नौदलाच्या ठाण्यात दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला. २२ ला कराचीत 'हिंदुस्तान' या जहाजाने तोफा डागल्या आणि किनाऱ्यावरच्या तोफखान्याने त्याला नमवलं. याला संप म्हणायचं? ७८ जहाजं, २० किनारी ठाणी, सुमारे २०,००० माणसं. उठावच तो.

मुळाक्षर
तोफा डागल्या गेल्या त्या चौथ्या-पाचव्या दिवशी, वेढा पडल्यावर. सुरुवात जिथे झाली तिचं नाव शेवटावरून का ठेवायचं?

रानवाट
२२ तारखेबद्दल एक सांगते. शब्दखूण, तुमच्या इंग्रजी लेखात त्या भागाला बहुतेक 'सिव्हिल अनरेस्ट' असेल. कृपा करून 'नागरी अशांतता' लिहू नका. मराठीत कुणीही असं बोलत नाही. 'दंगल'ही नको. दंगल म्हटलं की वाचक दोन जमाती समोरासमोर उभ्या करतो, आणि इथे तर जहाजांवर काँग्रेस, लीग आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र चढले होते. काय घडलं ते लिहा: गिरण्या बंद पडल्या, रस्ते अडवले गेले, लष्कराने वस्त्यांमध्ये गोळ्या चालवल्या, दोनशेहून जास्त माणसं मेली. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. मजकूर असा असेल तर मथळ्याला 'मुंबईत हरताळ आणि गोळीबार' पुरतं.

हळदपान
'हरताळ' वापरताना जपा, मराठीत ते दोन आहेत. दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ गुजरातीतल्या 'हडताळ'वरून, म्हणजे हाटाला ताळं. 'हरताळ फासणे'मधला हरताळ म्हणजे संस्कृत हरिताल, सोमलाचं पिवळं खनिज. ते बारीक खलायचं, डिंकाच्या पाण्यात कालवायचं आणि पोथीतल्या चुकलेल्या अक्षरावर फासायचं. पोथीचा कागद बहुधा हरताळ लावूनच पिवळा केलेला असे, कसर लागू नये म्हणून, त्यामुळे डाग बेमालूम मिसळे. डिंक कमी पडला की पापुद्रा सुटतो आणि खालचं चुकलेलं अक्षर पुन्हा डोकं वर काढतं. जुन्या पोथ्यांत असे उघडे पडलेले शब्द दिसतात. 'कामगारांनी आदेशाला हरताळ फासला' हे वाक्य म्हणूनच संपाबद्दल नाही, पुसून टाकण्याबद्दल आहे. बातम्यांत हे सर्रास एकत्र होतं.

कोशवेडा
छान माहिती. पण 'हाटाला ताळं' ही फोड लोकव्युत्पत्ती नसेल कशावरून?

हळदपान
'हाट' आणि 'ताळं' दोन्ही त्या भाषेत जिवंत आहेत, अर्थ जुळतो, उच्चारही फार ताणावा लागत नाही. याहून चांगली फोड असेल तर मांडा.

टंडेल
'रस्ते अडवले' यावरून एक धोका. बॅरिकेडसाठी कुणी जुना शब्द म्हणून 'मोर्चा' सुचवेल. बखरीत 'किल्ल्यास मोर्चे लावले' म्हणजे तोफांची जागा बांधली. हिंदीत तो अर्थ टिकला. मराठीत मोर्चा आता चालतो, आणि मोर्चेबांधणी उरली ती राजकारणापुरती. 'परळला मोर्चे बांधले' लिहिलंत तर निम्मे वाचक घोषणा ऐकतील. 'अडथळे रचले' लिहा. आणखी एक: मागण्यांमध्ये आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती. तिथे 'युद्धबंदी' नको. मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं. 'युद्धकैदी' लिहा.

मुळाक्षर
आणि २३ तारखेला? इंग्रजीत 'सरेंडर' असेल. वल्लभभाई पटेलांनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं, लीगनेही तेच सांगितलं, समितीने मानलं आणि जहाजांवर काळे झेंडे चढले. आपण ब्रिटनपुढे नव्हे, भारतापुढे शस्त्रं ठेवतोय, असं त्यांनी जाहीर केलं होतं. 'शरणागती पत्करली' या वाक्यात कुणापुढे हे गळून पडतं. 'संप मागे घेतला' लिहा.

कोशवेडा
समितीच्या पुढाऱ्यांना लगेच अटक झाली, शेकडो जणांना नौदलातून काढून टाकलं. संप मागे घेतल्यावर माणूस कामावर परत जातो, मुळाक्षर. इथे तसं झालं नाही. 'शस्त्रं खाली ठेवली' लिहा, हवं तर पुढे 'भारतापुढे' जोडा.

मुळाक्षर
मुंबईच्या गिरण्यांतही संप मोडल्यावर पुढाऱ्यांना कामावरून काढलेलं आहे आणि तुरुंगातही टाकलेलं आहे. म्हणून तो संप नव्हता असं कुणी म्हटलेलं नाही.