सगळ्यात जुनं आधी?
साबण, क्रीम, ब्लीच अशा वस्तू नवीन आणण्याआधी घरातला साठा संपवा आणि त्यातही सगळ्यात जुनं ते आधी वापरा, असा एक सल्ला असतो. साठा संपवायचा हे पटलं, पण 'सगळ्यात जुनं ते आधी' हा नियम सरसकट लावू नका. साबणाच्या वड्या, कागद, मेणबत्त्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी फारसं बिघडत नाही. साफसफाईच्या ब्लीचचं तसं नाही, बंद बाटलीतही त्याचा जोर हळूहळू उतरतो. क्रीम-लोशनच्या मागे बरेचदा उघड्या डबीचं बारीकसं चित्र असतं. त्यावर १२ असेल तर उघडल्यापासून १२ महिने. म्हणजे एकाच वेळी चार बाटल्या फोडून ठेवणं हाच खरा घोळ (आमच्या बाथरूममध्ये त्याची चढाओढच चालते!). एक संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. आणि मुदत उलटलेलं सनस्क्रीन संपवायच्या हट्टापायी फासू नका, सरळ टाकून द्या.