‘पवित्र’च्या विरुद्ध काय: ‘अपवित्र’ की ‘लौकिक’?

प्रश्न: धर्माच्या समाजशास्त्रावरच्या मराठी टिपणांत ‘फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेमच्या मते धर्म पवित्र आणि अपवित्र अशी विभागणी करतो’ असं वाक्य हमखास भेटतं. ‘सेक्रेड’ला पवित्र ठीक आहे. पण ‘प्रोफेन’ला अपवित्र? मला ते खटकतं.

उत्तर: खटकायलाच हवं. या एका शब्दाने द्यूरकेमचा मुद्दाच उलटा होतो. १९१२ साली त्याने मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांच्या ‘चुरिंगा’बद्दल लिहिलं. हे लाकडाचे नाहीतर दगडाचे तुकडे, इतर लाकूड-दगडांसारखेच. फरक एवढाच, की त्यांवर कुळाच्या देवकाची खूण असते. त्या खुणेपायी ते इतके पवित्र होतात, की दीक्षा न झालेल्याने त्यांना हात लावायचा नाही. आता खूण नसलेलं लाकूड अपवित्र झालं का? मुळीच नाही. ते नुसतं लाकूड राहिलं, रोजच्या वापरातलं. ‘प्रोफेन’ म्हणजे हे रोजचं, साधं.

शिवाय द्यूरकेम पवित्राच्याच दोन बाजू सांगतो, शुभ आणि अशुभ. प्रेताची आधी भीती वाटते, पुढे त्याच अवशेषांना लोक पूज्य मानतात. म्हणजे आपण ज्याला अपवित्र म्हणू, ते त्याच्या मांडणीत पवित्राच्याच घरात बसतं! पावित्र्य वस्तूत नसतं, समूह ते तिला देतो, हे त्याचं म्हणणं. ‘अपवित्र’ वाचलं की मराठी वाचकाचं मन थेट सोवळ्याओवळ्याकडे धावतं आणि समूह बाजूलाच राहतो. म्हणून ‘लौकिक’ म्हणावं.

प्रतिसाद: पण लौकिक म्हणजे कीर्तीही होते. ‘ऐहिक’ का नको?

उत्तर: ऐहिकाच्या समोर पारलौकिक उभं राहतं, आणि द्यूरकेमला इहलोक-परलोक अशी फाळणी करायचीच नव्हती. देव किंवा अलौकिक शक्ती यांवरून धर्माची व्याख्या करता येत नाही, हे तो बौद्ध धर्माचा दाखला देऊन सांगतो. ‘ऐहिक’ हा शब्द धर्माचा सार्वजनिक जीवनावरचा पगडा ओसरण्याच्या चर्चेसाठी राखून ठेवावा. तिथे ‘ऐहिकीकरण’ चपखल बसतं.

कीर्तीची शंका मात्र रास्त आहे. ‘लौकिक’ एकटा, नाम म्हणून आला की अर्थ तिकडे झुकतो. ‘लौकिक वस्तू’, ‘लौकिक व्यवहार’ असा विशेषण म्हणून वापरला तर गोंधळ होत नाही.