इंटरनेटची किल्ली सरकारांच्या हाती द्यावी का?

वाटसरू
२८ फेब्रुवारी २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्याला चार दिवस झाले होते. युक्रेनचे उपपंतप्रधान मिखायलो फेदोरोव्ह यांनी आयकॅनला पत्र लिहिलं: रशियन संकेतस्थळांच्या नावांशेवटी येणारं '.आरयू' रद्द करा. सगळ्या जगाच्या संकेतस्थळांच्या नावांचा मूळ तक्ता आयकॅन ही संस्था सांभाळते. दोनच दिवसांत तिने नकार कळवला.

युक्रेनसाठी जीव तुटत होता, तरी तो नकार मला बरोबर वाटला, आजही वाटतो. एकदा एका युद्धापायी एका देशाचं नाव पुसलं की पुढच्या युद्धात कोणाचं पुसायचं, याचीच भांडणं सुरू होतील. म्हणून माझं मत: हा तक्ता कुठल्याही सरकारकडे नको, संयुक्त राष्ट्रांकडेही नको.

रेवदंडा
साफ असहमत. आयकॅन काही आभाळातून पडलेली नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली ती स्थापन झाली आणि २०१६ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या कराराने बांधलेली होती.

त्याआधीची गोष्ट तर फारच बोलकी आहे. हा सगळा हिशेब दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन पोस्टेल ठेवायचे. २८ जानेवारी १९९८ ला त्यांनी हा तक्ता जगाला पुरवणारी यंत्रं, म्हणजे रूट सर्व्हर, चालवणाऱ्या बारापैकी आठ जणांना कळवलं की मूळ तक्ता यापुढे माझ्या यंत्रावरून घ्या. त्या आठांनी ऐकलं. व्हाइट हाउसमधून इरा मॅगझिनर यांचा दम आला आणि सगळं पुन्हा पूर्ववत झालं. ३० जानेवारीला अमेरिकेने या कारभाराचा स्वतःचा आराखडा जाहीर केला.

किल्ली सरकारकडेच होती, फक्त एकाच सरकारकडे. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत ५० देशांच्या समितीचा प्रस्ताव मांडला, तो याच कारणाने. त्यात चूक काय होती?

वाटसरू
रेवदंडा, पोस्टेलांचा प्रसंग मी उलटा वाचतो. त्या आठ जणांवर कोणाची सक्ती नव्हती. वर्षानुवर्षं चोख काम करणाऱ्या माणसाच्या शब्दावर त्यांनी आपली यंत्रं वळवली. तो विश्वास एखादी समिती कुठून आणणार?

आणि भारताने स्वतःच नंतर भूमिका बदलली. २०१५ मध्ये ब्यूनस आयर्सला आयकॅनच्या बैठकीत आपल्या मंत्र्यांनी सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरिक अशा सर्व घटकांच्या सहभागाच्या पद्धतीला पाठिंबा दिला. सरकारच्या हाती बटण आलं की काय होतं ते आपण घरातच पाहिलंय. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ ला बंद झालेलं फोरजी पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

घाटमाथा
मी एका छोट्या विश्वस्त संस्थेचं काम बघते. आमचं संकेतस्थळ '.ऑर्ग'वर आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या तत्त्वाचा नाही.

जून २०१९ मध्ये आयकॅनने '.ऑर्ग'च्या दरावरची मर्यादा उठवली. तीन हजारांवर हरकती गेल्या होत्या, बहुतेक सगळ्या विरोधात. ऐकलं कोणी? नोव्हेंबरात बातमी आली की '.ऑर्ग' चालवणारी संस्था इथॉस कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरना विकली जाणार. जगभरच्या शाळा, दवाखाने, मदतसंस्था जिथे आहेत ती जागाच विक्रीला! ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने हा व्यवहार फेटाळला, पण त्याआधी पंधरा दिवस कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी विक्री थांबवा असं खरमरीत पत्र पाठवलं होतं.

वाटसरू, म्हणजे तुमच्या सरकारमुक्त तक्त्याला जाब विचारायला शेवटी एक सरकारी माणूसच लागला. तो कॅलिफोर्नियाचा होता. आम्ही कोणाचं दार ठोठवायचं?

वाटसरू
घाटमाथा, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दरमर्यादा उठवायला नको होती, हे मान्य. पण त्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठवायला स्वयंसेवी संस्था थेट आयकॅनच्या कार्यालयासमोर जाऊन उभ्या राहू शकल्या. देशोदेशींच्या राजदूतांच्या खोलीत त्यांना खुर्ची मिळाली असती का?

रेवदंडा
आयकॅनच्या बैठकीत खुर्ची मिळते, पण विमानाचं तिकीट कोणाला परवडतं?

ओवी
तुम्ही सगळे सत्तेचं बोलताय, मी अक्षरांचं बोलते. देवनागरीतलं '.भारत' २०१४ मध्ये आलं. त्याही पलीकडे, मूळ तक्त्यात देवनागरीतली कोणती अक्षरं चालावीत याचे नियम आपल्याकडच्या भाषातज्ज्ञांनी बसून ठरवले. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. तो नियमांत आला, कारण त्याची गरज ठाऊक असलेली माणसं त्या कामात होती. दिल्लीतल्या एखाद्या खात्याने एकट्याने ठरवलं असतं तर तो नियमांत आला असता, याची मला खात्री नाही. म्हणून या बाबतीत मी वाटसरूंच्या बाजूने.

पण रेवदंडा, तुमचंही दुखणं मला कळतं. गेल्या महिन्यात एका कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात मी माझा देवनागरी ईमेल पत्ता भरला. 'अवैध पत्ता' असं लाल अक्षरांत आलं. तीनदा भरला, तीनदा तेच. जगाच्या तक्त्यात माझ्या लिपीला जागा आहे आणि माझ्याच जिल्ह्यातल्या अर्जात नाही. तो अर्ज शेवटी मी रोमन पत्त्यानेच भरला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.