इरा, तारा की माया?

जावई स्पॅनिश, म्हणून नातीसाठी दोन्हीकडे सोपी वाटतील अशी 'इरा', 'तारा' आणि 'जाई' ही नावं तुम्ही निवडलीत. थोडं थांबा. स्पॅनिशमध्ये 'इरा' म्हणजे राग आणि 'तारा' म्हणजे मालातला दोष! शाळेत मुलं ते सोडणार नाहीत. 'जाई' रोमन लिपीत जे-ने लिहिलंत की तिथे 'हाई' म्हणतील. इतकं सुगंधी नाव, पण पोरीला ते जन्मभर दुरुस्त करत बसावं लागेल. 'मीरा' त्यांना 'बघ!' असं ऐकू येईल; मला ते गोडच वाटतं.

माझी पसंती 'माया'ला. तिकडे हे नाव ओळखीचं आहे, उच्चार बिघडत नाही आणि आपल्याकडे अर्थ जिव्हाळ्याचा. ठरवण्याआधी तिकडच्या आजीला फोनवर हाक मारायला सांगा आणि नीट ऐका.