मदत हवी आहे: डी-डायमरचे दोन रिपोर्ट, दोन आकडे, वडिलांना रक्ताच्या गुठळीचा धोका किती धरावा?

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. रोप लावणीच्या धांदलीत त्यांनी ताप अंगावर काढला आणि दुखणे इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियावर गेले. बेळगावच्या दवाखान्यात ते आठ दिवस होते. त्यांपैकी पाच दिवस ऑक्सिजनवर, आणि उठणे केवळ बाथरूमपुरते. तेथे गुठळी होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी पोटाच्या कातडीखाली एनॉक्सापॅरिनचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन देत, ते डिस्चार्जच्या दिवशी बंद केले.

प्रश्न त्यानंतरचा आहे. दवाखान्यातील शेवटचा डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या अंशाची तपासणी) ५६० होता. घरी आल्यावर सहाव्या दिवशी एका नातेवाइकाच्या आग्रहावरून गावाजवळच्या लॅबमध्ये तपासला, तर १०४० आला. ‘आठवड्यात दुप्पट झाला, रक्त पातळ करण्याची गोळी लगेच सुरू करा’ असे चौघे सांगू लागले. मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिल्यावर असे दिसले की पहिल्यावर आकड्यापुढे ‘डीडीयू’ आणि दुसऱ्यावर ‘एफईयू’ असे बारीक अक्षरात छापले आहे. ही डी-डायमर मोजण्याची दोन निराळी एकके असून एफईयूमधील आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, असे माझ्या वाचनात आले. तसे असेल तर ५६० म्हणजे सुमारे ११२० झाले आणि नवा आकडा वाढलेला नसून किंचित उतरलेलाच आहे. हा हिशेब बरोबर आहे का?

दुसरे असे की, मी पडुआ स्कोअर, म्हणजे गुठळीच्या धोक्याची गुणसंख्या, मांडून पाहिला. हालचाल कमी असल्याचे ३, वय सत्तरीपुढे असल्याचा १, तीव्र संसर्गाचा १ आणि श्वसन निकामी झाल्याचा १, असे ६ गुण होतात; ४ वा अधिक म्हणजे जास्त धोका. आता ते अंगणात फिरतात, स्वतः आंघोळ करतात. मग हे ६ गुण अजून धरायचे का? त्यांना पूर्वी जठराच्या अल्सरमधून रक्तस्राव झाला होता आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.४ आहे, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून गोळी द्यायला मन धजत नाही. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे.

उत्तर: एककांचा हिशेब बरोबर आहे, पण दोन लॅबच्या किट वेगळ्या असल्याने ‘उतरला’ असेही ठामपणे म्हणू नका. संसर्गानंतर डी-डायमर काही काळ वाढलेलाच राहतो. त्याचा खरा उपयोग गुठळीचा संशय कमी असताना ती नाही असे ठरवण्यासाठी होतो. पन्नाशीपुढे वयाची दहापट ही मर्यादा धरतात, म्हणजे तुमच्या वडिलांसाठी ७४० एफईयू. पण तीही गुठळीचा संशय असतानाच वापरायची, औषध सुरू करण्यासाठी नव्हे. पडुआ स्कोअर दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णासाठी आहे, तो घरी तसाच ओढून आणू नये. घरी इंजेक्शन पुढे चालू ठेवायचे की नाही, हे रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टरच ठरवतील. अल्सरची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. तोवर दोन्ही पोटऱ्या मोजा. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली टेप धरा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक, एकाच पायाला सूज किंवा दुखणे असेल तर सोमवारची वाट न पाहता डॉपलर (पायाच्या शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. एकाएकी धाप, छातीत कळ किंवा खोकल्यातून रक्त आल्यास थेट मोठा दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शिवणकामाच्या टेपने आत्ताच मोजले; उजवी पोटरी ३३, डावी ३३.५. सूज नाही, धाप नाही. दोन्ही रिपोर्ट एककांखाली रेघ मारून सोमवारच्या फाइलमध्ये लावले आहेत आणि गोळी आणलेली नाही.