मदत हवी आहे: रामनदीच्या घाण पाण्यात ऑक्सिजन जास्त कसा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांनी प्रकल्पाला रामनदी घेतली आहे. नमुन्याच्या जागा दोन: वर भूगावच्या बाजूला, जिथे पाणी अजून दगडांवरून वाहतं, आणि पाषाण तलावाच्या खाली, जिथे नाकाला रुमाल लावावा लागतो.

विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने काढतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड नदीवरच घालतो, तपकिरी साका बसला की बाटली शाळेत आणून आम्ल घालतो. ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटने टायट्रेशन करून (रंग जाईपर्यंत थेंब थेंब घालून) मोजतो. आता गंमत बघा. वर लिटरला ७ मिलिग्रॅम आला, आणि खालच्या हिरव्यागार पाण्यात ११! "टीचर, मग खालचं पाणी जास्त स्वच्छ ना?" आंघोळीच्या पाण्याचा निकष किमान ५, म्हणजे दोन्ही पास.

पण दगड उलटले तर वर चपट्या डोक्याची मेफ्लायची (स्वच्छ पाण्यातला कीटक) पिल्लं चिकटलेली, आणि खाली चिखलात नुसत्या लालभडक अळ्या. रसायनं जुनी झाली असतील का? जाणकारांनी कृपया सांगावं.

ओढाकाठ:
ताई, नमुना दुपारी घेतलात ना? मग आकडा खराही असू शकतो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं आणि उन्हात भरमसाट ऑक्सिजन सोडतं. पुण्याच्या उंचीवर २५ अंशाला पाण्यात हवेतून जेमतेम पावणेआठ मिलिग्रॅम मावतो. ११ म्हणजे त्याहून वरचा, शेवाळाचाच. रात्री हेच शेवाळ आणि जिवाणू तो पिऊन टाकतात. पहाटे त्याच जागी मोजा, आकडा पार खाली गेलेला दिसेल. तुमच्या लाल अळ्या रात्रीही तिथेच असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या तगतात. मेफ्लायला ते जमत नाही.

पडताळा सोपा आहे: दुपारी सामूही (pH) मोजा. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सामू चढतो. ऑक्सिजन आणि सामू एकदम चढले तर रसायनांवर संशय नको. थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर पडलं असतं तर ते जास्त लागून दोन्हीकडचे आकडे फुगले असते, एकट्या खालचा नाही.

बाटलीबंद:
ओढाकाठ यांच्याशी सहमत, पण एक राहिलं. सांडपाण्यात नायट्राइट असतं आणि ते विंकलरमध्ये आयोडाइडपासून जादा आयोडीन सोडवतं, म्हणजे आकडा खोटा वाढतो. प्रयोगशाळेत त्यासाठी सोडियम अझाइड घालतात. ते शाळेत आणू नका, जहाल विष आहे. मत्स्यालयाच्या दुकानात नायट्राइटच्या पट्ट्या मिळतात, त्या लावून बघा. रंग चढला तर तक्त्यात आकड्यापुढे तसं लिहा.

आणि नमुना बादलीतून ओतून घेत नाही ना? तिथेच हवा मिसळते. बाटली पाण्याखाली बुडवून भरा, बुडबुडा राहता कामा नये. हातमोजे-गमबूट हवेतच, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा आजार) भीती असते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. बादलीच होती. :) दुपारचा आकडा तसाच ठेवून पहाटेचा शेजारी मांडायचं ठरवलंय, कीटकांची यादी खाली. फक्त सहाला नदीवर मुलांना पालक सोडतील का, ते बघते. औंध-बाणेरकडचं कुणी पहाटे सोबतीला येऊ शकेल का? आणि चतुर व टाचणीची (चतुरासारखाच, पण बारीक कीटक) पिल्लं ओळखायची मराठी चित्रतालिका कुणाकडे असेल तर पाठवा, मुलं दोन्हींना "पाण्यातला विंचू" म्हणतायत.

ओढाकाठ:
टाचणीच्या पिल्लाच्या शेपटीला तीन पानांसारखे कल्ले असतात, चतुराच्या पिल्लाला नसतात, एवढं पुरे. सोबतीला मी येतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.